पूर्ण बाह्यांचे आठल्ये

सिंगापूरला बाराही महिने उन्हाळाच. इथे आलेला माणूस पहिल्या आठवड्यात अर्ध्या बाह्यांवर येतो, दुसऱ्या आठवड्यात हाफ पँटवर, आणि वर्ष सरायच्या आत बनियनवर खाली जाऊन कोथिंबीर आणायला लागतो. आमच्या दिलीपचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, अगदी असंच झालं. आठल्ये मात्र उभं आयुष्य इथे काढून पूर्ण बाह्यांचे ते पूर्ण बाह्यांचेच राहिले. गडद रंगाचा शर्ट, आत जाड बनियन, गळ्याचं बटण लावलेलं आणि मनगटाची बटणं तर अशी, की बोट आत जाणार नाही. त्यांचं कोपर उघडं मी कधी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसतं कोपरच उघडं नव्हतं. ते येईलच पुढे.

मुकुंद आठल्ये आमच्या पाया लेबारच्या ऑफिसात अकाउंट्सला, मला सीनियर. राहायलाही बेडोकमध्ये आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये. त्यामुळे सकाळची बस एक, दुपारचं जेवण एक, आणि रविवारी बाजारात पिशव्या घेऊनही समोरासमोर. मला ते 'सावंतबाई' म्हणत. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाका मारतात, साहेबालासुद्धा, पण आठल्यांच्या तोंडी मी पहिल्या दिवसापासून सावंतबाई आणि माझ्या तोंडी ते आठल्ये.

दुपारी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, पंखा बंद असला की माणसं घामानं निथळत असतात. तिथे हे वाफाळती काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसायचे. कानामागून घामाची धार कॉलरमध्ये जायची. मी म्हणायची, "आठल्ये, अहो बाह्या तरी वर करा. तुमच्याकडे बघून मला उकडतंय."

"मला थंडी वाजते, सावंतबाई."

थंडी! बेडोकमध्ये, भर दुपारी! खोटं बोलायचं तर माणसानं निदान हवा बघून तरी बोलावं. पण ते इतक्या गंभीरपणे बोलत की पुढे काही बोलायची सोयच नसे. बोलता बोलता उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाचं बटण चाचपून यायची, आहे ना जागेवर म्हणून. ही त्यांची सवय ऑफिसातल्या चिनी पोरींनासुद्धा पाठ झाली होती. त्या त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायच्या.

आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत कुणाचं तरी उघडंबंब पोर पळत असलं की आठल्ये हमखास थांबायचे. हातातल्या पिशव्या खाली ठेवून बघत राहायचे. "ऐश आहे लेकाची," म्हणायचे. "माणसाच्या अंगाला वारा लागला पाहिजे, सावंतबाई." आणि स्वतः गळ्याच्या बटणापर्यंत बंद. मला हसू यायचं. तेव्हा हसू यायचं.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांची ख्याती नास्तिक म्हणून. दर वर्षी गणपतीत पूजेला एका जाणत्या माणसाला बसवतात. सोवळं नेसायचं, उघड्या अंगावर उपरणं घ्यायचं आणि पाटावर बसायचं. वयाच्या मानानं आठल्यांचा मान कधीच आला होता. पण विचारलं की ते म्हणत, "माझा विश्वास नाही." मग बायका कुजबुजायच्या, आणि शुभदावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, प्रसादाच्या द्रोणांत अशा काही गढून जायच्या की जणू त्यांच्या कानावर काही पडलंच नाही. आठल्ये हॉलच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे असायचे. एकदा चपला शोधताना मी त्यांच्या शेजारी गेले तर गुरुजींच्या बरोबरीनं यांचे ओठ हलत होते. एक शब्द गुरुजी गाळून पुढे गेले, तो यांनी गाळला नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस नास्तिक असेल तर मी इंग्लंडची राणी.

त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. गोड पोर, पण बापाशी जरा तुटक. त्याचंही कारण तेच. इथल्या शाळांत पोहणं शिकवतात. सुट्टीच्या दिवशी सगळे बाप पोरांबरोबर पाण्यात दंगा करत असायचे. आठल्ये तेवढे काठावर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मांडीवर टॉवेल घेऊन. रेवा पाण्यातून हाका मारायची, "बाबा, या ना!" हे मान हलवायचे. पुढे पुढे तिनं हाका मारणंच सोडलं. मोठी झाल्यावर कुणी विचारलं तर खांदे उडवून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची, "बाबा is like that lah. त्यांना काहीच करायचं नसतं."

आणि असा हा माणूस दर वर्षी डिसेंबरात एकटा ऑस्ट्रेलियाला जायचा. बायको नाही, मुलगी नाही. आठ-दहा दिवसांनी चेहरा रापून परत यायचा आणि महिनाभर ऑफिसात शीळ घालायचा. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? आमच्या ऑफिसात जे समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं होतं. तिथल्या त्या न पाहिलेल्या बाईला कुणी घटस्फोटित करून टाकलं होतं, कुणी नर्स. माझा मात्र विश्वास बसेना. बटण चाचपल्याशिवाय ज्याचं एक वाक्य पुरं होत नाही तो कसली बाई ठेवतोय!

एका वर्षी आम्हीही ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. मी आठल्यांना विचारलं, तुम्ही दर वर्षी जाता ते गाव कसं आहे? त्यांच्या तोंडून नाव निसटलं आणि लगेच म्हणाले, "पण तिथे बघण्यासारखं काही नाही हं, सावंतबाई. नुसता समुद्र. तुम्ही आपलं शहरातच राहा." आणि यंदा ते स्वतः दुसरीकडे जाणार होते म्हणे.

आता आमच्या दिलीपला 'बघण्यासारखं काही नाही' असं सांगणं म्हणजे आमंत्रणच. हा माणूस लहानपणी आईवडिलांबरोबर महाबळेश्वरला गेला तेव्हापासून त्याला पॉइंट लागतात. कुठेही गेला तरी सगळे पॉइंट उरकल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आम्ही त्या गावात मुक्कामच केला. दिवसभरात दीपगृह झालं, धक्का झाला, आणि दिलीपला नकाशावर एक पायवाट दिसली. झुडपांतून थेट समुद्राकडे जाणारी, पुढे नाव नाही काही नाही. "सनसेट पॉइंट असणार," दिलीप म्हणाला. वाटेत एक पाटी होती. त्याला वाटलं पोहण्याचे नियम असतील, आपल्याला कुठे पोहायचंय! मी पंजाबी ड्रेसमध्ये, डोक्यावर ओढणी, हातात चिवड्याचा डबा. तो पुढे थर्मास घेऊन.

झुडपं संपली आणि दिलीप जागच्या जागी उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर आदळले. किनाऱ्यावर दूरदूर पांगलेली माणसं होती. बहुतेक म्हातारी. कुणी आडवं पडलेलं, कुणी पेपर वाचत होतं, एक आजोबा टोपी घालून कोडं सोडवत होते. टोपीखेरीज त्यांच्या अंगावर काही नव्हतं. कुणाच्याच अंगावर काही नव्हतं. "अगं आई गं!" असं मी मोठ्यानं म्हटलं, मराठीत. आणि पाण्याच्या कडेला पाठमोरा उभा असलेला एक माणूस मराठी ऐकून वळला.

त्याआधी क्षणभर मी ती पाठ पाहिली होती. मानेखालपासून कमरेपर्यंत पांढरे डाग. भिंतीचा रंग जागोजाग पोपडे धरून उडावा तशी पाठ. दंडांवर तेच, पोटावर तेच. चेहरा आणि हाताचे पंजे तेवढे स्वच्छ, गव्हाळ, आठल्यांचे.

दुसरा कुणी असता तर पळाला असता, वाळूत बसला असता, टॉवेल शोधला असता. आठल्ये उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात मनगटाकडे गेलेला पाहिला नाही. ते अगदी शांतपणे म्हणाले, "सावंतबाई, डावीकडून नका उतरू, खडक निसरडा आहे."

आम्ही उतरलोच नाही. दिलीप आभाळाकडे बघत मागे फिरला आणि मी त्याच्या मागे. चिवड्याचा डबा तिथेच कुठेतरी राहिला.

जानेवारीत ऑफिसात आले तर आठल्ये जागेवर. नेव्ही ब्लू शर्ट, बटणं लावलेली. दुपारी कोपी घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "चिवडा छान होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला." मी हसले, आणि हसता हसता मला रडूच यायला लागलं. मग ते बोलले. त्यांना एवढं सलग बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांची थोरली बहीण, आक्का. लग्नाच्या वयात तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. स्थळं यायची, पोहे खायची. एकदा मुलाची आत्या तिला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेली, उजेडात हनुवटी वर करून बघितलं आणि काही न बोलता हात धुवायला गेली. त्यानंतर स्थळं येणं बंद झालं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. आक्का मागच्या खोलीतच म्हातारी झाली आणि तिथेच गेली. रेवा पाळण्यात होती तेव्हा आठल्यांच्या खांद्यावर पहिला डाग उठला. त्यांना काही वाटायच्या आत वहिनींना सगळं वाटून झालं होतं. त्यांनी त्याच दिवशी अर्ध्या बाह्यांचे सगळे शर्ट गाठोड्यात बांधले. घाम आला तरी आरपार दिसू नये म्हणून जाड बनियन स्वतः शिवायला घेतले. म्हणाल्या, "आपल्या पोरीची आक्का नाही होऊ द्यायची मला. रेवाचं लग्न उरकेपर्यंत हे कुणाला दिसता कामा नये. रेवालाही नाही. मुलं बोलून जातात."

"तिचंही चूक नाही, सावंतबाई," आठल्ये म्हणाले. "तिनं आक्काला पाहिलं होतं."

"आणि तो समुद्र?"

"शुभदाला वाटतं मी उन्हाच्या उपचारासाठी जातो. उन्हानं डाग भरतात, असं तिला कुणीतरी सांगितलंय. परत आलो की ती एकदा बघते, कमी झालेत का. नुसतं बघते. हात लावत नाही." त्यांनी बटण चाचपलं. "साध्या समुद्रावर गेलो होतो आधी. तिथे लोक चड्डी घालून असतात आणि बघतात. त्या किनाऱ्यावर कुणाच्याच अंगावर काही नसतं, त्यामुळे बघणं हाच असभ्यपणा. एक बाई येते, तिची एक छाती कापलेली आहे. एकाच्या पोटाला पिशवी आहे. तोंडाकडे बघून बोलतात सगळे, हवेबद्दल, कुत्र्यांबद्दल. पहिल्या वर्षी मी दिवसभर शर्ट-पँट घालून बसलो होतो. कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट काढला. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी उठून आली. मला वाटलं, आता ही जा म्हणणार. ती म्हणाली, तुमचा पांढरा भाग भाजेल, पाठीला मलम लावू का? आणि लावलं तिनं. सगळ्या पाठीला."

कोपीचा पेला रिकामा होता तरी त्यांनी तो तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघितलं. अंगातला शर्ट काढायला या माणसाला समुद्र ओलांडून परमुलुखात जावं लागत होतं. आणि आमच्या बेडोकपासून चालत जाता येईल असा ईस्ट कोस्टचा किनारा आहे, तिथे पुरुषांनी उघड्या छातीनं बसायला सरकारची काही ना नाही. पण तिथे दर रविवारी सकाळी आमचं मंडळ फिरायला येतं.

"रेवाला सांगा," मी म्हटलं.

"सांगणार. तिलाच सांगायचंय, सावंतबाई. बाकी जग गेलं उडत. एकदा तिच्यासमोर शर्ट काढून समुद्रात जायचंय, की बाबा पाण्याला भीत नव्हता. तिचं लग्न उरकलं की."

'उरकलं की' हा त्यांचा शब्द. लग्न ठरलं. मुलगा निखिल, इथलाच, क्लेमेंटीला राहणारा, आईवडील पुण्याचे, सध्या लेकाकडेच राहिलेले. कन्यादानाला गुरुजी म्हणाले, यजमान, अंगरखा उतरवून उपरणं घ्या. आठल्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी गुरुजींकडे बघितलं आणि गुरुजी काय समजायचं ते समजून पुढे गेले. आठल्यांनी रेशमी झब्ब्यातच मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात दिला. पंगतीत मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "आठल्ये, उरकलं."

"हो. आता तिचं बाळंतपण उरकलं की. नवीन घर आहे तिचं, सावंतबाई. रुजू दे."

मला इतका संताप आला की मी जिलबी तशीच टाकली.

पुढच्याच वर्षी रेवाच्या अनामिकेवर, अंगठीच्या खाली, ठिपका आला. तिला वाटलं अंगठीचं सोनं सोसत नाही. मग दुसऱ्या बोटावर आला, मग ओठाच्या कोपऱ्यात. तिची सासू आठल्यांच्या घरी चहाला आली आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे कुणाला आहे का हो?"

वहिनी म्हणाल्या, "छे! आमच्यात कुणाला नाही."

रेवा शेजारी बसली होती, बोटांवर ओढणी घेऊन. आठल्ये समोर बसले होते, मनगटापर्यंत बटण लावून, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "आक्काला खिडकीशी नेलं तेव्हा मी दारातच उभा होतो," म्हणाले. "तेव्हाही गप्पच होतो. पण तेव्हा मी शाळेत होतो."

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला? रेवानं सांगितलं, कुणाला नाही. अख्खा पावसाळा, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा, ती आरशासमोर रंग लावून ऑफिसला जात होती. एकदा ती आठल्यांना फोनवर म्हणाली, "बाबा, असं का झालं मला? एकटीलाच?" तेव्हा कुठे यांचा बांध फुटला. म्हणाले, "एकटीला नाही. मला आहे."

मग रेवानं विचारलं, कधीपासून? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून, यांनी सांगितलं.

"मी रोज एकटी रडत होते, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पीत होतात?" एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती माहेरी आली नाही. गोष्ट सासूच्या कानावर गेली आणि तिनं 'फसवलं' हा शब्द मंडळभर केला. निखिल बिचारा बरा मुलगा, त्यानं बायकोची बाजू सोडली नाही. पण रेवाला राग सासूचा नव्हताच. डाग दिल्याचाही नव्हता. काठावर टॉवेल घेऊन बसलेल्या बापाचा होता.

आठल्यांनी शीळ घालणं थांबवलं. त्या डिसेंबरात ते ऑस्ट्रेलियालाही गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे आता काय करू? तिथे सगळ्यांनी बघून झालंय." मग एका शुक्रवारी बसमध्ये माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "रेवाला निरोप पाठवलाय. रविवारी सकाळी ईस्ट कोस्टला ये, म्हटलं. पोहायला."

"ती हो म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"रविवारी आपलं मंडळ असतं तिथे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच रविवार."

त्या रविवारी मंडळाची फिरती फौज नेहमीसारखी निघाली. मी मुद्दाम पुढे चालत होते. नारळाच्या झाडांपलीकडे, वाळूत, आठल्ये बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शर्ट आणि बनियन घडी करून शेजारी ठेवलेले, मांडीवर टॉवेल. उघडे. सकाळच्या उन्हात सगळे डाग ठळक दिसत होते. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते, समुद्राकडे पाठ.

"अरे, हे तर आपले आठल्ये!" कुणीतरी म्हणालं. एकानं फोन काढून कानाला लावला, वाजलेला नसताना. एक बाई म्हणाल्या, "बाई बाई बाई, केवढं ते!" त्यांना वाटलं हळू बोलल्या. कुणी हात केला नाही, कुणी जवळ गेलं नाही. त्या परक्या किनाऱ्यावरच्या माणसांचं न बघणं मी पाहिलं होतं आणि आमच्या माणसांचं न बघणं आता पाहत होते. मला आमची लाज वाटली. अगदी स्पष्ट सांगते, लाज वाटली.

मी मागे थांबले आणि त्यांच्याजवळ गेले. "आली नाही अजून?"

"येईल. क्लेमेंटीहून यायचं म्हणजे वेळ लागतो," ते म्हणाले. त्यांचे खांदे लाल व्हायला लागले होते. मलम आणलंत का, विचारलं तर नव्हतं आणलं. मी समोरच्या दुकानातून आणलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. लावून द्यावं असं फार वाटलं. पण मंडळ बाकांवर बसून आमच्याकडेच बघत होतं, म्हणून मी बाटली तेवढी दिली. त्यांना हाताला येईल तेवढं त्यांनी लावलं. पाठ तशीच राहिली.

उन्हं चढली. मंडळ पांगलं. दिलीप मला न्यायला आला तरी आठल्ये तिथेच होते, रस्त्याकडे तोंड करून. आम्ही वळताना मी मागे बघितलं तेव्हा ते शर्ट घालत होते. आधी गळ्याचं बटण, मग मनगटांची. मी पाहिलेले ते शेवटचे आठल्ये, म्हणजे जिवंत असलेले. सोमवार-मंगळवार त्यांनी रजा टाकली होती, आणि बुधवारीही बसस्टॉपवर ते आले नाहीत. सकाळी दाढी करता करता खाली बसले होते, ते उठलेच नाहीत.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जिथे उघडी पोरं बघत ते उभे राहायचे, तिथेच त्यांना ठेवलं होतं. इथल्या रीतीप्रमाणे, उघड्या पेटीत. गुरुजी हळूच म्हणाले, "वहिनी, शास्त्रानं नुसतं धोतर आणि उपरणं असतं. वर काही नसतं." वहिनी म्हणाल्या, "शर्टच राहू दे." नेव्ही ब्लू शर्ट होता. आत बनियनही असणार. सगळ्या मंडळानं तीन दिवसांपूर्वी त्यांना उघडं पाहिलं होतं, सासरच्यांना ठाऊक होतं, ब्लॉकमधल्या मलाय शेजारणीलासुद्धा एव्हाना ठाऊक होतं. आता कुणापासून लपवत होत्या देव जाणे. पण वहिनी एका हातानं पेटीची कड धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून मला त्यांच्यावर रागावताही येईना.

रेवा आली ती सरळ माझ्याजवळ आली. रंग लावला नव्हता. ओठाचा कोपरा पांढरा दिसत होता. "सावंतमावशी, मी आले होते," ती म्हणाली. "संडेला. कार पार्कपर्यंत आले होते. बाबा तिथून दिसत होते. पण सगळे होते ना तिथे, everybody was staring, मला उतरताच येईना. I thought, नेक्स्ट संडे lah. गर्दी नसेल तेव्हा. बाबा कुठे जातायत."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पेटीकडे गेली.

माणसं रांगेनं फुलं वाहत होती. रेवानं फूल घेतलं नाही. तिनं वाकून बापाच्या डाव्या मनगटाचं बटण काढलं. ते इतकं घट्ट होतं की तिला वेळ लागला. मग तिनं बाही नीट दुमडत कोपरापर्यंत वर नेली. हात दिसायला लागला, पांढरा, गव्हाळ, परत पांढरा. तिनं आपला हात त्या हाताशेजारी ठेवला आणि पहिल्यांदाच बघितला. बघत राहिली. रांग थांबली. कुणी खोकलं.

"रेवा," वहिनी म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई बघतायत."

"बघू देत."

"बाळा, सोड आता. त्यांना न्यायचंय."

निखिलनं रेवाला खांद्याला धरून बाजूला घेतलं. झाकण लावणारी माणसं पुढे आली. वहिनी त्यांना 'एक मिनिट' म्हणाल्या. त्यांनी दुमडलेली बाही उलगडून मनगटापर्यंत खाली ओढली, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, बटण लावलं आणि ते घट्ट लागलंय ना, हे एकदा ओढून बघितलं.